वाळवीच्या आतड्यातले सेल्युलोज पचवणारे सूक्ष्मजीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, प्रकल्प करणारे आणि निव्वळ कुतूहल असणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत. प्रयोगशाळेतलं काम प्रश्न १३ पासून सुरू होतं. पण १ आणि ६ वाचल्याशिवाय तिकडे उडी मारू नका, कारण प्रयोगातल्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

१. वाळवीच्या पोटातले जीवाणू लाकूड पचवतात, हे बरोबर आहे ना?

अर्धंच बरोबर आहे. हे काम तिघांत वाटलेलं असतं: वाळवी स्वतः, तिच्या मागच्या आतड्यातले एकपेशीय आदिजीव आणि जीवाणू. कोणाचा वाटा किती, हे वाळवीच्या जातीवर अवलंबून आहे. जगात वाळवीच्या सुमारे ३,००० जातींची नोंद आहे. त्यातल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश टर्मिटिडी या एकाच कुलातल्या आहेत. त्यांना उच्च वाळवी म्हणतात. बाकी सगळ्या कुलांना मिळून निम्न वाळवी म्हणतात. निम्न वाळवीत सेल्युलोजचा मोठा भाग कशाभिकांनी, म्हणजे चाबकासारख्या बारीक शेपट्यांनी, पोहणारे आदिजीव फोडतात आणि जीवाणू बहुतांशी पुढची-मागची कामं करतात. उच्च वाळवीत हे आदिजीव नसतात. लाकूड खाणाऱ्या उच्च वाळवीत सेल्युलोज फोडण्यात जीवाणूंचा वाटा खरोखर मोठा आहे.

म्हणून नुसतं ‘वाळवीत कोणता जीवाणू सेल्युलोज पचवतो?’ असं विचारलं तर नेमकं उत्तर देता येत नाही. आधी जात, निदान कुल तरी ठाऊक हवं.

२. सेल्युलोज पचवणं एवढं अवघड का? तीही ग्लुकोजची साखळीच आहे ना, स्टार्चसारखी?

ग्लुकोज तेच, जोडणी वेगळी. स्टार्चमध्ये अल्फा बंध असतात, सेल्युलोजमध्ये बीटा-१,४ बंध. या जोडणीमुळे सेल्युलोजच्या साखळ्या सरळ राहतात, एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट चिकटतात आणि त्यांचे स्फटिकासारखे तंतू बनतात. त्यात एन्झाइमला शिरायला जागाच उरत नाही. वर लाकडात या तंतूंभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचं आवरण असतं.

तोडायला तीन प्रकारचे एन्झाइम लागतात. एंडोग्लुकानेज साखळी मधूनच कापतं, सेलोबायोहायड्रोलेज मोकळ्या टोकापासून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे काढत जातं आणि बीटा-ग्लुकोसिडेज त्या जोड्या फोडून सुटं ग्लुकोज देतं. यांतलं एकच असेल तर काम अडतं. हा मुद्दा प्रश्न १६ मध्ये पुन्हा उपयोगी पडेल.

३. हे सूक्ष्मजीव आतड्यात नेमके कुठे राहतात?

जवळजवळ सगळे मागच्या आतड्यात. त्याच्या सुरुवातीला एक फुगीर पिशवी असते. निम्न वाळवीत बहुतेक आदिजीव तिथेच असतात. रेटिक्युलिटर्मिससारख्या वाळवीत संपूर्ण आतड्याचं आकारमान एक मायक्रोलिटरच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी कमी, आणि तेवढ्यात दहा लाख ते दहा कोटी जीवाणू. काही जण आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतात, काही द्रवात पोहतात, काही लाकडाच्या कणांवर बसतात, तर बरेचसे आदिजीवांच्या अंगावर किंवा चक्क पेशीच्या आत राहतात.

उच्च वाळवीत मागचं आतडं अनेक कप्प्यांत विभागलेलं असतं आणि प्रत्येक कप्प्याचा पीएच वेगळा. माती खाणाऱ्या क्युबिटर्मिस वाळवीच्या एका कप्प्यात पीएच १२ च्याही वर जातो. सजीवांच्या आतड्यात मोजलेल्या सर्वांत अल्कधर्मी जागांपैकी ही एक आहे.

४. वाळवी स्वतः सेल्युलेज बनवते असंही वाचलं. मग तिला सूक्ष्मजीव कशाला हवेत?

सेल्युलेज म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम. वाळवी ते बनवते, हे खरं आहे. १९९८ साली रेटिक्युलिटर्मिस स्पेराटस या वाळवीच्या स्वतःच्या जनुकसंचात सेल्युलेजचं जनुक सापडल्याचं जपानी संशोधकांनी जाहीर केलं. तोवर प्राण्यांना सेल्युलेज बनवता येत नाही, असंच सर्वसाधारणपणे मानलं जात होतं. निम्न वाळवीत हे एन्झाइम लाळग्रंथींतून स्रवतं. बऱ्याच उच्च वाळवींत ते मधल्या आतड्यात तयार होतं.

पण वाळवीचं हे एन्झाइम मुख्यतः एंडोग्लुकानेज आहे. साखळीतल्या सैल, अस्ताव्यस्त भागांवर ते चालतं. घट्ट स्फटिकी भाग त्याला झेपत नाही. वाळवी जबड्यांनी आणि पुढच्या आतड्यातल्या दातेरी जात्याने लाकूड साधारण २० ते १०० मायक्रोमीटरच्या कणांपर्यंत दळते आणि सोपा भाग स्वतः काढून घेते. उरलेला कठीण माल मागच्या आतड्यात जातो. तिथे आदिजीव ते कण गिळून पोटातच फोडतात. स्फटिकी सेल्युलोजवर चालणारं सेलोबायोहायड्रोलेज निम्न वाळवीत त्यांच्याकडूनच येतं.

५. आदिजीव मारून टाकले तर वाळवी खरंच मरते का?

निम्न वाळवी मरते. एल. आर. क्लीव्हलँड या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात हे दाखवलं. त्याने वाळवींना शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवलं. आदिजीवांना ऑक्सिजन सहन होत नाही, वाळवीला होतो. त्यामुळे वाळवी जिवंत राहिली आणि आदिजीव तेवढे मेले. अशी वाळवी लाकूड पूर्वीसारखंच खात राहिली, तरी काही आठवड्यांत उपासमारीने मेली. आदिजीव परत दिले तेव्हा ती जगली.

या प्रयोगाची एक बाजू लोक विसरतात. ऑक्सिजनने फक्त आदिजीव मरत नाहीत. ऑक्सिजन न सोसणारे अनेक जीवाणूही जातात, आणि आदिजीवांच्या अंगावर-अंगात राहणारे तर त्यांच्याबरोबरच जातात. त्यामुळे ‘आदिजीव गेले म्हणून मेली’ हा निष्कर्ष थोडा सैल धरावा. उच्च वाळवीला हा प्रयोग लागूच पडत नाही.

६. मग निम्न वाळवीतले जीवाणू करतात तरी काय?

खूप काही, आणि सेल्युलोज फोडणं हे त्यांतलं सगळ्यात छोटं काम असावं. हायड्रोजनपासून अॅसिटेट बनवणं (प्रश्न ७), हवेतला नत्र स्थिर करणं (प्रश्न ९), यूरिक आम्लातला नत्र परत वापरात आणणं आणि आतड्यात शिरणारा ऑक्सिजन संपवून टाकणं (प्रश्न ८). यांतलं एक जरी थांबलं तरी लाकडावर जगणं अवघड होतं. जीवाणूंना ‘लाकूड पचवणारे’ एवढंच लेबल लावलं की ही सगळी कामं नजरेआड होतात. आमच्या मते या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच.

७. शेवटी वाळवीला मिळतं काय? ग्लुकोज?

मागच्या आतड्यातून तिला मुख्यतः अॅसिटेट मिळतं, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचंच आयनी रूप. आदिजीव ग्लुकोज आंबवतात तेव्हा एका रेणूपासून दोन अॅसिटेट, दोन कार्बन डायऑक्साइड आणि चार हायड्रोजन रेणू निघतात. हायड्रोजन तसाच सुटला तर त्यातली ऊर्जा वाया जाईल. इथे अॅसिटेट बनवणारे जीवाणू पुढे येतात: चार हायड्रोजन आणि दोन कार्बन डायऑक्साइड जोडून ते आणखी एक अॅसिटेट तयार करतात. म्हणजे एका ग्लुकोजमागे दोनऐवजी तीन अॅसिटेट. वाळवी ते आतड्याच्या भिंतीतून शोषते आणि ऑक्सिजनच्या मदतीने जाळते. रेटिक्युलिटर्मिस फ्लॅव्हिपेसच्या श्वसनाची ७७ ते १०० टक्के गरज या अॅसिटेटमधून भागू शकते, असं १९८३ मध्ये मोजून दाखवलं गेलं.

हे काम करणारे बरेचसे जीवाणू स्पायरोकीट, म्हणजे मळसूत्रासारखे वळलेले असतात. त्यांचं शुद्ध संवर्धन कित्येक दशकं कोणालाच जमत नव्हतं. १९९९ मध्ये ट्रेपोनेमा प्रिमिटिया वेगळा करण्यात यश आलं आणि स्पायरोकीट हायड्रोजनपासून अॅसिटेट बनवतात हे पहिल्यांदा सिद्ध झालं.

८. आतडं ऑक्सिजनविरहित असतं की नसतं? दोन्ही वाचायला मिळतं.

दोन्ही खरं आहे. मधोमध ऑक्सिजन नसतो, कडेला असतो. आतडं इतकं बारीक की त्याच्या भिंतीतून आजूबाजूच्या ऊतींमधला ऑक्सिजन सतत आत झिरपतो. १९९५ मध्ये सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून मोजलं, तेव्हा तो भिंतीपासून १५० ते २०० मायक्रोमीटरपर्यंत पोचतो आणि तिथेच संपतो असं दिसलं. संपवतात ते भिंतीला चिकटलेले जीवाणू. त्यांच्या आडोशाने मध्यभाग सुरक्षित राहतो.

आतडं कापून उघडलं की ही रचना काही क्षणांत मोडते. वाळवीच्या आतड्याला ‘छोटा बंद रिअॅक्टर’ समजून केलेले प्रयोग फसतात ते यामुळेच.

९. लाकडात प्रथिनं जवळजवळ नसतातच. मग वाळवीचं शरीर बनतं कशातून?

लाकडात नत्राच्या तुलनेत कार्बन शेकडो पट असतो. कीटकाच्या शरीरात हे प्रमाण जेमतेम दहापट असतं. ही तूट जीवाणू भरून काढतात. वाळवीच्या आतड्यात हवेतला नत्र स्थिर होतो हे १९७३ मध्येच दाखवलं गेलं होतं. पुढे स्पायरोकीटही ते करतात हे कळलं. फॉर्मोसन वाळवीतल्या स्यूडोट्रायकोनिम्फा या आदिजीवाच्या पेशीत राहणाऱ्या जीवाणूचा पूर्ण जनुकसंच २००८ मध्ये वाचला गेला. त्यात नत्र स्थिर करण्याची आणि त्यापासून अमिनो आम्लं बनवण्याची सगळी सामग्री होती. आदिजीव सेल्युलोज फोडतो आणि त्याच्या पेशीतला भाडेकरू त्याला नत्र पुरवतो.

वाळवी हा नत्र मिळवते कसा? एकमेकींच्या गुदद्वारातून येणारा द्रव पिऊन. त्यातले सूक्ष्मजीव तिच्या पुढच्या आणि मधल्या आतड्यात पचतात. त्यांच्या भिंती फोडायला लायसोझाइम असतं.

१०. उच्च वाळवीत सेल्युलोज कोणते जीवाणू फोडतात? नावं सांगा.

सगळ्यात चांगला अभ्यास नॅसुटिटर्मिसचा झाला आहे. कोस्टा रिकातल्या अशा वाळवीच्या मागच्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांचा एकत्रित डीएनए वाचून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेल्युलोज आणि झायलान (हेमिसेल्युलोजचा एक प्रकार) फोडणारी शेकडो जनुकं त्यात सापडली. त्यांचे धनी मुख्यतः दोन गट, स्पायरोकीट आणि फायब्रोबॅक्टर. पुढे लाकडाच्या कणांना चिकटलेले जीवाणू वेगळे काढून पाहिले, तर सेल्युलोज फोडण्याची क्षमता तिथेच एकवटलेली दिसली.

यातले फार थोडे प्रयोगशाळेत वाढतात. वाळवीतून शुद्ध स्वरूपात मिळालेला, खरोखर सेल्युलोज फोडणारा आणि ऑक्सिजनशिवाय जगणारा एक म्हणजे नॅसुटिटर्मिस लुजीमधून १९९२ मध्ये वर्णन केलेला क्लॉस्ट्रिडियम टर्मिटिडिस.

बुरशीची शेती करणाऱ्या वाळवी, उदाहरणार्थ मॅक्रोटर्मिस आणि ओडोंटोटर्मिस, याच कुलातल्या, पण त्यांची तऱ्हा वेगळी. चावलेला पाला-लाकूड त्या वारुळात रचून ठेवतात, त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढते आणि कठीण भाग बराचसा तीच फोडते. अशा वाळवीच्या आतड्यात लाकूड फोडणारे जीवाणू शोधायला गेलात तर नॅसुटिटर्मिसपेक्षा वेगळंच चित्र दिसेल.

११. लिग्निनचं काय होतं?

बहुतांश बाहेर पडतं. लाकूड खाणारी वाळवी सेल्युलोजचा ७४ ते ९९ टक्के आणि हेमिसेल्युलोजचा ६५ ते ८७ टक्के भाग पचवते. लिग्निनच्या रचनेत काही बदल होतात, पण ते पूर्ण विघटित होत नाही. म्हणून वाळवीच्या विष्ठेत त्याचं प्रमाण वाढलेलं असतं.

१२. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लात हे सूक्ष्मजीव कुठून येतात?

वारुळातल्या मोठ्यांकडून. प्रश्न ९ मध्ये सांगितलेला गुदद्वारातला द्रव पिल्लांना पाजला जातो. त्यात जिवंत आदिजीव आणि जीवाणू असतात. हा वारसा एकदाच मिळून भागत नाही. कात टाकताना निम्न वाळवीच्या मागच्या आतड्याचं अस्तरही गळतं आणि त्याबरोबर आतला सगळा संसार जातो. मग तिला सोबतिणींकडून पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून निम्न वाळवी एकटी ठेवली आणि तिने कात टाकली, की ती फार दिवस टिकत नाही. प्रयोगासाठी वाळवी वेगळी करताना हे ध्यानात ठेवा.

ही परंपरा फार जुनी आहे. वाळवी ही झुरळांच्याच वंशातली आणि लाकूड खाणारं क्रिप्टोसर्कस झुरळ तिचं सगळ्यात जवळचं नातलग. त्याच्या आतड्यातही त्याच गटांतले आदिजीव असतात.

१३. माझ्याकडची वाळवी निम्न की उच्च, हे घरी किंवा कॉलेजात कसं ओळखायचं?

सूक्ष्मदर्शक असेल तर पाच मिनिटांचं काम. काचपट्टीवर ०.६ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब घ्या. कामकरी वाळवीचं आतडं त्यात काढा (कृती प्रश्न १४ मध्ये), फुगीर भाग सुईने फोडा, लगेच कव्हरस्लिप ठेवा आणि १०० पट, मग ४०० पट मोठं करून बघा. निम्न वाळवी असेल तर नाशपातीच्या आकाराचे, अंगभर कशाभिका असलेले मोठाले आदिजीव गर्दीने हलताना दिसतील. त्यांच्या पोटात लाकडाचे कणही ओळखू येतात. नुसते जीवाणू आणि स्पायरोकीटच दिसले तर बहुधा उच्च वाळवी.

नळाचं किंवा ऊर्ध्वपातित पाणी वापरू नका, त्यात आदिजीव फुगून फुटतात. वेळही थोडाच असतो. हवा लागली की ते काही मिनिटांत मंदावतात. कव्हरस्लिपच्या कडांना व्हॅसलीन लावलं तर जास्त वेळ टिकतात. सैनिक किंवा नुकतीच कात टाकलेली पांढरीफटक वाळवी घेऊ नका. तिच्यात आदिजीव दिसले नाहीत तर चुकीचा निष्कर्ष निघेल.

१४. जीवाणू वेगळे करण्यासाठी आतडं कसं काढायचं?

धडधाकट कामकरी वाळवी घ्या, दहा तरी. बर्फावर ५ ते १० मिनिटं ठेवा म्हणजे त्या हलणार नाहीत. मग ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा ते एक मिनिट बुडवा आणि निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या प्लेटवर पसरायला विसरू नका. त्यावर काही उगवलं तर कातडीवरचे जीवाणू गेलेले नाहीत आणि पुढचं सगळं संशयास्पद.

एका चिमट्याने छाती धरा, दुसऱ्या बारीक टोकाच्या चिमट्याने पोटाचा शेवटचा खंड पकडा आणि सावकाश, एका दिशेने ओढा. पूर्ण आतडं दोऱ्यासारखं बाहेर येतं. झटका दिला तर ते फुगीर भागापाशी तुटतं आणि हवा असलेला मालच सांडतो. दहा आतडी १ मिली निर्जंतुक ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात चिरडा, दहा-दहापट करत दहा लाखपटीपर्यंत विरल करा आणि प्रत्येक पायरीचे ०.१ मिली प्लेटवर पसरा.

१५. सीएमसी प्लेट आणि काँगो रेडची पद्धत नीट सांगाल का?

एक लिटरसाठी: कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज (सीएमसी) १० ग्रॅम, अमोनियम सल्फेट १ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.५ ग्रॅम, मीठ ०.५ ग्रॅम, यीस्ट अर्क ०.५ ग्रॅम, अगार १५ ग्रॅम, पीएच ७. सीएमसी एकदम ओतलं तर गुठळ्या होतात आणि मग काही केल्या विरघळत नाहीत; कोमट पाणी ढवळत ठेवून चिमूट-चिमूट भुरभुरा. १२१ अंशांवर १५ मिनिटं निर्जंतुक करा. प्लेट ३० अंश सेल्सियसवर तीन ते पाच दिवस ठेवा.

वसाहती दिसल्या की आधी प्रत्येकीची प्रत दुसऱ्या प्लेटवर काढून घ्या. रंग ओतल्यावर वसाहती वाहून जातात किंवा एकमेकींत मिसळतात, आणि सुंदर वलय मिळूनही जीवाणू हातचा जातो. मग सेल्युलोजला चिकटणारा लाल रंग, ०.१ टक्के काँगो रेड, ओता, १५ मिनिटं थांबा, ओतून टाका, १ मोलर मिठाच्या द्रावणाने (लिटरला ५८.४ ग्रॅम) पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा धुवा. सेल्युलोज तुटलं असेल तिथे लाल पार्श्वभूमीवर पिवळसर वलय दिसतं. वलयाच्या व्यासाला वसाहतीच्या व्यासाने भागून निर्देशांक काढतात. काँगो रेड अपायकारक आहे. हातमोजे घाला आणि ते सिंकमध्ये ओतू नका.

१६. वलय आलं! म्हणजे मला सेल्युलोज पचवणारा जीवाणू सापडला ना?

अजून नाही. वलयावरून एवढंच कळतं की तो एंडोग्लुकानेज सोडतो. सीएमसी हे पाण्यात विरघळणारं, बदललेलं सेल्युलोज. त्यात स्फटिकी भाग नाहीच. खरी कसोटी फिल्टर पेपरची. सेल्युलोजशिवाय दुसरा कार्बनस्रोत नसलेल्या द्रव माध्यमात व्हॉटमन क्रमांक १ ची पट्टी अर्धी बुडवून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत ती पाण्याच्या रेषेपाशी पातळ होऊन तुटली तर आशा धरा. शेजारी जीवाणू न घातलेली नळी हवीच, कारण सतत हलवल्यानेही कागद फाटतो.

मोजमाप करायचं असेल तर प्रमाणित पद्धतीत १ × ६ सेंमी, म्हणजे सुमारे ५० मिलिग्रॅमची पट्टी ५० अंशांवर ६० मिनिटं एन्झाइमबरोबर ठेवतात आणि सुटलेली साखर डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) अभिकर्मकाने ५४० नॅनोमीटरवर मोजतात. या पद्धतीतला पीएच ४.८ बुरशीच्या एन्झाइमसाठी ठरवलेला आहे. जीवाणूंचं एन्झाइम ६ ते ७ ला तपासा, नाहीतर चांगलं एन्झाइमही निष्क्रिय वाटेल.

दुसरी अडचण याहून मोठी. उघड्या हवेत वाढवलेल्या प्लेटवर बॅसिलस, एंटेरोबॅक्टर, सिट्रोबॅक्टर, सेराशिया असेच येतात. ते आतड्यात असतात, पण अल्पसंख्य. जे प्लेटवर सहज वाढतं तेच वाळवीत मुख्य काम करतं, असं प्रकल्प-अहवालात लिहू नका. ‘वाळवीच्या आतड्यातून वेगळा केलेला, सीएमसी फोडणारा जीवाणू’ एवढंच लिहा; ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

१७. वसाहती भरपूर, पण वलय एकालाही नाही. काय चुकलं?

बहुधा यांपैकी एक. यीस्ट अर्क जास्त पडला आणि जीवाणू त्यावरच जगले. माध्यमात ग्लुकोज होतं. त्याने सेल्युलेज बनणंच थांबतं. मिठाच्या पाण्याने धुणं राहिलं किंवा घाईत उरकलं. अगारचा थर फार जाड होता. प्लेट एकाच दिवसात रंगवली. शंका दूर करायची तर माहीत असलेल्या सेल्युलेजचा एक थेंब त्याच प्लेटवर ठेवून रंगवा: तिथे वलय आलं तर पद्धत ठीक आहे, जीवाणूच कमकुवत आहेत.

उलट अडचणही येते. एखादी वसाहत सगळ्या प्लेटभर पसरते आणि सगळीकडे पिवळं दिसतं. ती बहुधा पसरणारी बॅसिलस असते. प्लेट वाळवून मगच पेरा आणि जास्त विरलता वापरा.

१८. ऑक्सिजन न सोसणारे खरे रहिवासी वाढवायचे असतील तर?

साधनं हवीत आणि चिकाटीही. माध्यम उकळून त्यातला ऑक्सिजन घालवतात, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या ८०:२० मिश्रणाखाली थंड करतात, सिस्टीन घालून उरलासुरला ऑक्सिजन संपवतात आणि रबरी बुचाच्या नळ्यांत बंद करतात. रेझाझुरिन हा रंग पहारेकऱ्याचं काम करतो: माध्यम गुलाबी दिसलं तर ऑक्सिजन आहे, रंगहीन झालं तर पेरायला हरकत नाही. सेल्युलोज म्हणून सीएमसी नव्हे, तर बारीक केलेला फिल्टर पेपर किंवा सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज घाला. आतडीसुद्धा हवाबंद कक्षात, तशाच माध्यमात फोडावी लागतात. वाढ दिसायला आठवडे लागतात, स्पायरोकीटना महिनेही. मेणबत्ती लावलेल्या बरणीने हे साधत नाही. त्यात ऑक्सिजन कमी होतो, संपत नाही.

१९. प्रयोगासाठी वाळवी फिल्टर पेपरवर ठेवली, पण मरते. आणि स्टार्च दिलं तर चालेल का?

आधी ओलावा बघा. जमिनीखाली राहणारी वाळवी कोरड्या डबीत एक-दोन दिवसांत मरते. पाणी साचेल इतका ओला कागद असला तर बुरशी धरते. कागद भिजवून निथळलेला हवा, डबी अंधारात, तापमान २५ ते २८ अंश. एकेकटी न ठेवता गटाने ठेवा, कारण प्रश्न १२ मध्ये सांगितलं आहे.

स्टार्चवर वाळवी काही काळ जगते, पण आतड्यातली वस्ती बदलते. फॉर्मोसन वाळवीत लांब साखळीचं सेल्युलोज मिळेनासं झालं की स्यूडोट्रायकोनिम्फा हा सगळ्यात मोठा आदिजीव नाहीसा होतो, लहान आदिजीव टिकतात. म्हणून तुलनात्मक प्रयोगात वाळवीला आधी काय खायला घातलं होतं, हे नोंदवलंच पाहिजे.

२०. वाळवीतला ट्रेपोनेमा म्हणजे सिफिलिसचाच जंतू ना? हात लावायला धोका आहे का?

सिफिलिसचा जंतू ट्रेपोनेमा पॅलिडम. वाळवीतले त्याचे दूरचे नातलग आहेत आणि त्यांच्यातल्या काहींना आता वेगळी नावंही मिळाली आहेत. ते माणसाला रोग देत नाहीत. वाळवीच्या आतड्याबाहेर जगवणंच मुश्किल. प्लेटवर वाढणाऱ्या सेराशिया किंवा एंटेरोबॅक्टरबाबत मात्र नेहमीची काळजी घ्या, कारण त्यांच्या काही जाती दुबळ्या रुग्णांना संसर्ग करतात.

२१. वाळवीमुळे पृथ्वी तापते म्हणतात. किती खरं?

आतड्यात मिथेन बनवणारे आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) असतात आणि मिथेन बाहेर पडतो, हे खरं. जगभरच्या एकूण मिथेनमध्ये वाळवीचा वाटा १ ते ३ टक्क्यांच्या आसपास धरतात. लाकूड खाणाऱ्या वाळवीत हायड्रोजन बहुतांशी अॅसिटेट बनवणाऱ्यांकडे जातो. माती खाणाऱ्या आणि बुरशी वाढवणाऱ्या वाळवींत मिथेनचा वाटा जास्त. गायीच्या पोटात मिथेन बनवणारे हायड्रोजनसाठीची ही स्पर्धा जिंकतात, त्यामुळे तिथे तेवढी ऊर्जा ढेकरातून वाया जाते.

२२. मग यातून जैवइंधन का निघत नाही? किंवा हे जीवाणू कंपोस्टमध्ये तरी घालावेत का?

कंपोस्टचं उत्तर सोपं: उपयोग नाही. आतड्यातले महत्त्वाचे रहिवासी हवेत मरतात आणि ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापणाऱ्या ढिगात उरलेलेही टिकत नाहीत. त्या ढिगात त्याचे स्वतःचे जीवाणू आणि बुरशी असतातच.

जैवइंधनात अडचण प्रमाणाची आहे. वाळवीचं यश तिच्या एन्झाइममध्ये जितकं आहे तितकंच बारीक दळण्यात, पीएचच्या पायऱ्यांत आणि मायक्रोलिटरभर जागेतल्या ऑक्सिजनच्या उतारात आहे. हजारो लिटरच्या टाकीत तो उतार उरत नाही. उद्योगात सेल्युलेज आजही मुख्यतः ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीपासून मिळतं. वाळवीच्या सूक्ष्मजीवांची सुटी एन्झाइम त्या मिश्रणात भर घालू शकतात आणि संशोधनाचा रोख तिकडेच आहे.

२३. अँटिबायोटिक देऊन वाळवीचा बंदोबस्त होईल का?

प्रयोगशाळेतल्या डबीत होतो, घरात नाही. वसाहतीत हजारो ते लाखो वाळवी असतात; सगळ्यांपर्यंत पुरेशी मात्रा पोचवावी लागेल, आणि ज्यांच्यापर्यंत ती पोचली नाही त्या सोबतिणींना प्रश्न १२ मधल्या वाटेनेच पुन्हा सूक्ष्मजीव देतील. शिवाय अँटिबायोटिक मातीत पसरवणं म्हणजे प्रतिरोधक जीवाणूंना आमंत्रण. आमिष-पद्धतीत हेक्झाफ्लुम्युरॉनसारखी रसायनं वापरतात. ती सूक्ष्मजीवांना हात लावत नाहीत, कायटिन बनणं थांबवून कात टाकताना वाळवीला मारतात. परिणाम सावकाश होतो, म्हणूनच तोवर ते रसायन तोंडातोंडी साऱ्या वसाहतीत पोचलेलं असतं.